शोभाताईंकडचे रद्दीचे अल्बम

किस्से काही कोणी ठरवून गोळा करत नाही. चार माणसं दर आठवड्याला एका टेबलाभोवती बसली की ते आपोआप साठतात. आमचं टेबल सिंगापुरात, बेडोकला, शोभाताईंच्या फ्लॅटमध्ये. शनिवारी सकाळी तिथं आम्ही टाकाऊ वस्तूंचे फोटो अल्बम करतो. जुनी खोकी, लग्नपत्रिका, पाठकोरे कागद, साड्यांचे काठ, काय वाट्टेल ते!

शोभाताई इथं तीस वर्षं आहेत, आता सिटिझन. मेघना पुण्याची, आयटीतली. क्लेमेंटीला खोली घेऊन राहते आणि शनिवारी एमआरटी मेट्रोनं येते. मी तांजोंग पगारला एका बँकेत अकाउंट्समध्ये. खरं तर अल्बमसाठी नाव बायकोनं स्वतःचं नोंदवलं होतं. ती दोनदा गेली, मी चार वर्षं जातोय.

*

पहिला अल्बम शोभाताईंनी बाजारचा गोंद न वापरता केला. "केमिकल कशाला? कणकेची खळ करू. लहानपणी आम्ही पतंग खळीनंच चिकटवायचो!"

अल्बम देखणा झाला. मी तो कौतुकानं घरी आणून कपाटात ठेवला. इथली दमट हवा सगळ्यांना माहीत आहेच. पंधरा दिवसांनी उघडला तर फोटोंपेक्षा मुंग्या जास्त!

मी शोभाताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "असं कसं होईल? आमचे पतंग कधी खराब झाले नाहीत."

बायकोनं फोन माझ्या हातातून घेतला. "शोभाताई, पतंग संध्याकाळपर्यंतच टिकवायचा असतो हो!"

*

पुठ्ठे आणायचं काम माझ्याकडं. आमच्या ब्लॉकखाली एक चिनी आजी ढकलगाडीवर खोकी गोळा करून विकतात. हे मला माहीत नव्हतं. ऑफिसातून येताना मी तिथलं एक छान जाड खोकं उचललं.

"हे अंकल! दॅट वन माइन!"

मी सॉरी म्हणून खोकं परत ठेवलं. त्यांनी माझा इस्त्रीचा शर्ट आणि गळ्यातला ऑफिस पास नीट पाहून घेतला. "यू वर्क व्हेअर?"

"बँक, आंटी."

"बँक आल्सो नॉट इनफ, मेह?"

आणि गाडीवरची दोन खोकी काढून माझ्या हातात दिली. खोकी विकायला नकोत, अल्बमला हवीत, असं मी समजावायला गेलो. "टेक लाह, टेक लाह," म्हणत त्या निघूनही गेल्या. आता दर शुक्रवारी माझ्यासाठी एक खोकं बाजूला ठेवलेलं असतं.

*

एकदा माझ्या मावसभावाच्या मुलीच्या बारशाचा अल्बम चालला होता. पानं मी आणली होती, घरी पडलेले पाठकोरे कागद. फोटो लावून झाल्यावर शोभाताई पान उलटून मोठ्यानं वाचायला लागल्या.

ते माझं गेल्या वर्षीचं अप्रेझल होतं. "कामात व्यवस्थित. प्रेझेंटेशनमध्ये सुधारणेला बराच वाव."

शोभाताईंनी पुढच्या बाजूला मी लावलेले फोटो पाहिले. मग म्हणाल्या, "साहेब हुशार आहे तुमचा!"

*

लग्नपत्रिका कापताना एक अडचण येते. गणपतीचं काय करायचं? कापायचा नाही, टाकायचाही नाही. असे पाकीटभर गणपती साठले.

मेघनाचे बॉस निवृत्त होणार होते, चिनी गृहस्थ. तिनं त्यांच्यासाठी अल्बम केला आणि प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात एकेक गणपती लावून टाकला. निरोपसमारंभात बॉसनी शांतपणे सगळी पानं उलटली.

"मेघना, धिस वन युवर ओल्ड कंपनी लोगो आह?"

मेघना म्हणाली, "येस सर. व्हेरी ओल्ड कंपनी!"

*

गेल्या वर्षी वसंतकाका यायला लागले. पत्नी गेल्यावर ते पुण्याहून बेडोकला मुलीकडं राहायला आले होते. फारसं बोलायचे नाहीत. येताना एका पाकिटात अकरा जुने फोटो घेऊन आले. मुलगी झोपाळ्यावर, काका स्कूटरवर, बापलेक महाबळेश्वरला, असे.

काका आमच्यासाठी खालून कॉफी आणायला गेले. मेघनाचं काम फार नेटकं. काका येईपर्यंत तिनं कटरवर अकराही फोटो एका मापाचे केले.

काकांनी फोटो हातात घेतले, एकेक करून पाहिले. "मेघना, कोपरे कुठं गेले?"

"काका, सगळ्या फोटोंत कोपऱ्यात कुणाचं तरी बोट आलं होतं! आता बघा किती क्लीन दिसतायत."

"हिचं बोट ते," काका म्हणाले. "फोटो कायम हीच काढायची. दर वेळी बोट मध्ये यायचंच. स्वतःचा मात्र कधी काढू दिला नाही."

मेघना ताडकन उठली. तिनं कचऱ्याची पिशवी जमिनीवर ओतली. शोभाताई गुडघ्याचं दुखणं विसरून खाली बसल्या, मीही बसलो. दहा तुकडे सापडले. अकरावा मेघनाच्याच टाचेला चिकटला होता.

"मी मागून टेप लावून परत जोडून देते, काका. दिसणारसुद्धा नाही." ती रडायच्या बेतात होती.

"नको. फोटो खरंच चांगले दिसतायत."

काकांनी अल्बमचं पहिलं पान उघडलं. बोटाएवढ्या त्या अकरा पट्ट्या एकाखाली एक, सावकाश चिकटवल्या. अर्धा तास लागला. कॉफी तशीच राहिली.

आमच्यात अक्षर शोभाताईंचं चांगलं, त्यामुळं फोटोंखालची नावं त्याच लिहितात. त्यांनी पेन उघडलं. "काका, इथं काय लिहू?"

"विमल," काका म्हणाले.