काय म्हणतेय बाई?

आमचा मामा सामान पोचवणाऱ्या एका कंपनीच्या यार्डात मेकॅनिक आहे. बिघडलेली व्हॅन आली की तो ड्रायव्हरला काही विचारत नाही. बॉनेटला कान लावतो आणि व्हॅनलाच विचारतो, "काय म्हणतेय बाई?" पेट्रोलची व्हॅन सगळं सांगते: खरखर, टकटक, मधेच एक लांब उसासा. उसासा अगदी मामीसारखा.

गेल्या आठवड्यात मालकीणबाईंनी तीन नव्या व्हॅन आणून उभ्या केल्या. एक पेट्रोलची, एक बॅटरीची, एक हायड्रोजनची. "मिस्त्री, आठवडाभर बघा. तुम्ही सांगाल ती घेऊ."

"पेट्रोल सांगा आणि मोकळे व्हा," मामी म्हणाली. "बॅटरीवालीत इंजिनच नसतं म्हणे. मग तुम्हाला काय शोभेला ठेवतील?"

मामा बूट काढायला बसला. हल्ली तो बूट काढतानाही मधे विश्रांती घेतो.

हायड्रोजनची व्हॅन मागून पाणी ठिबकवत आली. मामाने खाली ट्रे सरकवला. "गेलं गास्केट. नवी कोरी, आणि ही दशा."

"अहो मिस्त्री, तिचा धूरच पाण्याचा असतो," ड्रायव्हर हसत म्हणाला.

मामाने बोट बुडवून पाहिलं. "खरंच की. रडते आणि पळते." पळायची लांब, भरायचीही झटपट. पण भरायचा पंप शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तोही निम्मा वेळ बंद.

मग बॅटरीची. तिला त्याने बराच वेळ कान लावला. "ही काहीच म्हणत नाही रे. चालू कर."

"चालूच आहे."

ती रात्री यार्डात चार्ज व्हायची आणि दिवसभर शहरातल्या फेऱ्या निमूट उरकायची. खर्च पेट्रोलपेक्षा कमी. ऑइल नाही, प्लग नाही, गास्केट नाही. मिस्त्रीही नाही.

शनिवारी मामा मालकीणबाईंना भेटून घरी आला आणि एक बूट काढून तसाच बसून राहिला.

"काय म्हणाली?" मामीने विचारलं.

"काहीच नाही म्हणाली. आठवडाभर एक शब्द नाही. आपल्या फेऱ्यांना तीच बरी, असं सांगून आलो."

मामी मालकिणीबद्दल विचारत होती. तिने तो उसासा सोडला. "आणि तुमचं काय?"

"टायर तिलाही आहेत," मामा म्हणाला आणि दुसऱ्या बुटासकट डोळे मिटून पडला.