मांजराखालचा स्वेटर

मांजर हिचं. म्हणजे माझ्या बायकोचं. मला मांजरं आवडत नव्हती, अजूनही फार आवडतात असं नाही. येरवड्याच्या आमच्या दोन खोल्यांत माणसांनाच जागा कमी. तरी हिनं ते पिल्लू गटाराच्या कडेवरून उचलून आणलं, लस टोचून आणली, पिल्लं कोण सांभाळणार म्हणून ऑपरेशनसुद्धा करून आणलं. मी म्हणालो, "माझं बीपी कधी एवढ्या हौसेनं तपासून आणलंस का?"

तर म्हणाली, "तुम्ही गोळी थुंकता. ते गिळतं."

गेल्या थंडीत हिला दवाखान्यात न्यायचं झालं. रिक्षा खाली उभी होती. हिनं अंगातला तपकिरी स्वेटर काढला आणि कॉटवर टाकला. "तिथं आत उकडतं," म्हणाली. परत आली नाही. आम्ही सगळं उरकून घरी आलो तर मांजर त्या स्वेटरवर अंगाचं मुटकुळं करून बसलेलं.

दहाव्याला आमच्यात घर धुऊन काढतात. चादरी, अभ्रे, पडदे, काही सोडत नाहीत. मेव्हणी पदर खोचून एकेक वस्तू मोरीत टाकत होती. कॉटपाशी आली.

"दाजी, तो स्वेटर द्या इकडं."

"मांजर बसलंय. राहू दे."

"मग त्याला उठवा! मांजराला काय सुतक नाही का?"

"नाही. ते आपल्या भावकीतलं नाही."

ती कपाळाला हात लावून गेली. स्वेटर राहिला. मला तो राहायलाच हवा होता. त्याला हिचा वास होता. मशेरी, खोबरेल तेल आणि फोडणी. रोज सकाळी मांजर खायला खाली उतरलं की मी तो तोंडाला लावायचो. म्हातारा माणूस, कुणी बघितलं तर हसेल, म्हणून आधी दाराला कडी घालायचो.

पावसाळा संपता संपता मांजर खाजवायला लागलं. रात्रंदिवस. शेपटीच्या बुडाशी केस गेले, खपल्या धरल्या. मग हिच्याच चेनच्या पिशवीत घालून नेलं जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाई आमच्या नातीच्या वयाच्या. त्यांनी मांजराचे केस बाजूला केले, खालची काळी काळी कणी ओल्या कापसावर घेतली. कापूस लाल झाला.

"काका, ही पिसवांची घाण. म्हणजे ह्याचंच रक्त." मानेवर औषधाचे थेंब सोडले आणि म्हणाल्या, "हे दर महिन्याला. कुत्र्याचं औषध चुकूनही लावू नका, मांजर मरतं त्यानं. आणि ते जिथं बसतं ते सगळं गरम पाण्यात धुवायचं. पिसवांची अंडी अंथरुणात असतात."

मी विचारलं, "उन्हात टाकलं तर?"

"नाही."

"झटकून?"

"काका, असं आहे तरी काय त्या अंथरुणात?"

"काही नाही. जुना स्वेटर आहे."

घरी येऊन मी चादरी धुतल्या. कॉटखाली झाडलं. हिची उवांची फणी काढून मांजर विंचरलं. स्वेटर तेवढा गॅलरीत झटकला आणि परत जागेवर ठेवला. आठवडाभर मांजर बरं होतं. मग पुन्हा खाजवायला लागलं. खपल्यांतून रक्त यायला लागलं. मला कारण कळत नव्हतं असं नाही.

अशात मुलगी वारज्याहून आली. बसल्या बसल्या पाय खाजवायला लागली. घोट्यावर लाल पुरळ.

"बाबा, घरात पिसवा झाल्यात! मांजर देऊन टाका कुणालातरी."

"देणार नाही."

"मग नीट तरी ठेवा. बघा काय दशा झालीय त्याची." आणि तिचं लक्ष कॉटवर गेलं. "हा आईचा ना? अजून धुतला नाही?"

"हात लावू नको."

तिनं लावला. मांजराला हळूच बाजूला केलं, स्वेटर उचलला. मला वाटलं आता नेते मोरीत. पण तिनं त्यात नाक खुपसलं. बराच वेळ तशीच उभी. मान वर केली तेव्हा डोळे भरलेले.

"आईचा नाही येत हो, बाबा. मांजराचाच येतो."

मी हिसकावून घेतला. हुंगला. गळ्याशी हुंगला, काखेत हुंगला. मांजराचाच होता. कधीपासून, देव जाणे. मी रोज सकाळी कडी लावून काय हुंगत होतो?

मुलगी म्हणाली, "मी धुते."

"नको. मी धुईन."

ती गेल्यावर मोठं पातेलं गॅसवर चढवलं. पाणी उकळलं, बादलीत ओतलं, साबणाची पूड टाकली आणि स्वेटर सोडला. पाणी आधी पिवळं झालं, मग चहासारखं. वर पिसवा तरंगल्या, बारीक तिळाएवढ्या. मांजर मोरीच्या उंबऱ्यावर बसून बघत होतं. मी म्हणालो, "बघ, तुझ्यापायी." पाणी ओतायला बादली उचलली आणि तशीच परत खाली ठेवली. थोड्या वेळानं ओतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाळलेला स्वेटर घडी करून कॉटवर त्याच्या जागी ठेवला. मांजर आलं. एक फेरी मारली, हुंगलं आणि निघून गेलं. खुर्चीवर मी घामेजलेला शर्ट काढून टाकला होता, त्यावर चढलं. दोनदा गोल फिरलं आणि बसलं.

स्वेटर आता कपाटात आहे. त्याला साबणाचा वास येतो. मांजराच्या शेपटीपाशी नवे केस यायला लागलेत. शर्ट रविवारी उकळत्या पाण्यात टाकायचा आहे. ते जिथं बसेल ते सगळं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय.

तोवर बसू दे.