स्लॅबवरची मुलाखत

इंग्लंडने शेजारच्या देशांपासून चूल वेगळी केली, हे मला आर्णीत बसून कळायचं काही कारण नव्हतं. नातीमुळे कळलं. ती नर्स. यवतमाळच्या एका खासगी दवाखान्यात कामाला होती. पुढच्या महिन्यात ठेवतील की काढतील, हे तिला दर महिन्याला नव्याने कळायचं.

एक दिवस घरी येऊन म्हणाली, "आजी, त्या सगळ्या देशाईचं एकाच चुलीचं खटलं होतं. कोनीबी कुठंबी जाऊन काम करे. आता हे वेगळे निघाले, त बाहेरच्या नर्सा आपापल्या घरी गेल्या. तिथं मानसंच पुरत नाहीत. मले मुलाखतीले बोलावून राह्यले."

"पन वेगळे निघाले काहून?"

"मोठ्या काकाले इचार, तो काहून निघाला."

 थोरल्या मुलाने चूल वेगळी केली तेव्हा सुनेला पहिले चार दिवस फार मोकळं वाटलं होतं. मग भांडी दिसली.

मुलाखत मोबाइलच्या व्हिडिओवर होती आणि आमच्याकडे रेंज फक्त स्लॅबवर येते. नेमक्या त्याच दिवशी कुरड्या. गहू भिजवून, वाटून चीक काढून ठेवलेला. मुलाखतवाले थांबले असते, चीक थांबत नाही, आंबतो. पहाटे गल्लीतल्या बायांनी मिळून स्लॅबभर कुरड्या घातल्या आणि दुपारी राखणीला काठी घेऊन मी बसले. तिकडे म्हणे सकाळ होती. इकडे मे महिन्याचं ऊन. नात टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसली आणि मला दम दिला, "आजी, आवाज नाही पायजे."

मी खरंच गप्प होते. मग माकडं आली.

काठी आपटत, शिव्या देत मी अनवाणी धावले. कुरड्यांत चप्पल कोण घालतं? तळपाय पोळले. नात मोबाइल तसाच चालू खुर्चीवर टेकवून उठली; त्यातल्या बाईला आम्ही दिसत होतो.

"आजी, बस."

"तू तुयी मुलाखत पाय!"

"बस म्हनलं ना!"

दंडाला धरून तिने मला सावलीत बसवलं. पायावर पाणी ओतलं, ओली ओढणी डोक्यावर टाकली, तांब्या तोंडाला लावला. काठी मात्र माझ्या हातातच राहू दिली. ती काढून घेतली असती तर मी पुन्हा उठले असते.

मोबाइलमधली बाई हसून काही बोलली. नातही हसली.

खाली आल्यावर मी विचारलं, "माह्यामुळं बिघडलं काय वं?"

"ते इचारत होते, म्हातारा पेशंट आयकत नसन त काय करशीन? मी सांगाच्या आदीच तू सुरू झाली. बाई म्हने, उत्तर भेटलं."

आठवड्याभरात नोकरीचा कागद आला. गल्लीत पेढे वाटले. माकडांनी नेलेल्या कुरड्या मी त्यांना माफ केल्या.

उरलेल्या कुरड्या नात इंग्लंडला घेऊन गेली. तिथे तळल्या तर धुराने आगीचा भोंगा वाजला, अख्खी इमारत खाली उतरली, आणि मग सगळ्यांनी उभ्या उभ्या त्या संपवल्या. व्हिडिओवर तिचे गाल भरलेले दिसतात. बाहेरच्यांसाठी तिकडे आता नियम कडक होताहेत, असं परवा म्हणाली. मी म्हटलं, "करू दे. चूल वेगळी केली तरी भाकर थापाले हात लागतेच. तू काम कर."

यंदा गल्लीतल्या दोघी नर्सिंगवाल्या पोरी आल्या. "आजी, आमची मुलाखत तुमच्या स्लॅबवर होऊ द्या. अन् तुमी काठी घिऊन बसा."

"मी बसन," मी म्हटलं. "माकडाईचं मी सांगू शकत नाही."