साक्षगंधातले माझे वय

रविवार, २३ नोव्हेंबर २००८, सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटे. अमरावतीतील आमच्या गच्चीवर मांडव घातला होता आणि माझ्या साक्षगंधाला जमलेल्या पाहुण्यांसमोर माझे वय आठ वर्षांनी कमी करण्यात आले. शस्त्रक्रिया वराच्या काकांनी केली. भूल कोणालाही दिलेली नव्हती.

साक्षगंध म्हणजे लग्न ठरल्याचे चारचौघांत जाहीर करणे. आमच्याकडे आधी वडीलधारी माणसे मुलामुलीची ओळख मोठ्याने करून देतात, मग कुंकू लागते, मग पेढा. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. तो पंचवीस.

अकोल्याच्या बियाणे तपासणी प्रयोगशाळेत मी नोकरीला होते. तो अंजनगाव सुर्जीचा. घरची काळी जमीन स्वतः कसणारा. पहिल्यांदा आला तो रुमालात मूठभर सोयाबीन बांधून. हे उगवत काहून नाही, ते सांगा, म्हणाला. मुठीवरून निष्कर्ष काढता येत नाही, असे मी त्याला सुनावले. पुढच्या आठवड्यात त्याने एसटीच्या टपावरून आख्खे पोते आणले. तिसऱ्या खेपेस हात रिकामे होते.

"बियाणं संपलं, मॅडम. चहा घेता काय?"

शास्त्रीयदृष्ट्या कारण फारच कमकुवत होते. मी चहा घेतला. पुढे दीड वर्ष घेत राहिले.

त्या काळात वऱ्हाडात शेतकऱ्यांच्या अडचणी तपासायला समित्या येत, शेतात उभ्या राहून फोटो काढत आणि परत जात. एकाही समितीने लग्नाच्या बाजाराची पाहणी केली नाही, हे त्यांच्या कार्यपद्धतीतील मोठे न्यून म्हणावे लागेल. शेती करणाऱ्या मुलाला कोणी मुलगी देईना. स्वतः शेतकरी असलेला बापसुद्धा जावई पाहताना पहिला प्रश्न नोकरीचा विचारी. दुसऱ्या बाजूला माझ्यासारखी, शिकण्याच्या नादात वेळ घालवलेली मुलगी. आमच्या घरी माझे वय सत्तावीस या आकड्यावर तीन वर्षे स्थिर होते. आईने ते एखाद्या भौतिक स्थिरांकासारखे जपले होते.

त्याची आई मला पाहायला आली, तेव्हा मी प्रतिवादाची पूर्ण तयारी केली होती. वयातील अंतर, आरोग्य, समाज, सर्व मुद्दे क्रमाने. त्यांनी त्यातला एकही उपयोगात येऊ दिला नाही.

"नोकरी परमनंट हाय ना?"

"हो."

"मंग वयाचं काय घेऊन बसली? फक्त चारचौघात सांगजो नको, बाई."

म्हणजे विरोध नव्हता. मी त्या घरात सून म्हणून कमी आणि बारमाही सिंचन म्हणून अधिक येत होते, आणि विहिरीचे वय कोणी विचारत नाही. हे मला झोंबले. परंतु त्याहून अधिक झोंबण्यासारखी गोष्ट पुढे होती: त्याला हे सारे मान्य आहे काय? अकोल्याच्या बसस्थानकावर मी त्याला स्पष्ट सांगितले, "मांडवात माझे वय खोटे सांगितले आणि तू गप्प बसलास, तर मी उठून खाली जाईन. पुन्हा वर येणार नाही."

"पाहू," तो म्हणाला.

या उत्तराने कोणत्याही परिकल्पनेची सिद्धता होत नाही.

तर, अकरा चाळीस. काका उठले, टोपी सारखी केली आणि दमदार आवाजात म्हणाले, "मुलगी एमएस्सी हाय. तेवीस वर्षाची हाय. अन् आठ वर्षं झाली, सरकारी नोकरीत परमनंट हाय!"

दोन्ही बढाया एकाच श्वासात मारण्याचा मोह त्यांना आवरला नाही. मांडव क्षणभर समाधानाने डुलला. मग आमच्या गल्लीतल्या निवृत्त पोस्टमास्तरांनी चष्मा वर सरकवला.

"काहो पाहुणे, पंधराव्या वर्षी एमएस्सी झाली काय मुलगी?"

"हुशारच हाय तेवढी," काका डगमगले नाहीत.

"मंग आमच्या गल्लीत राहून आमालेच कसं माहीत नाही?"

बायकांच्या बाजूने हसू फुटले. आईने माझा दंड इतका घट्ट धरला की मला उठायचे असते तर तिच्यासह उठावे लागले असते. मी त्याच्याकडे पाहिले. तो मांडीवरच्या टॉवेलकडे पाहत होता. मी चौरंगावरून पाय खाली सोडले, चप्पल शोधू लागले.

"एकतीसच्या हायेत त्या," तो म्हणाला. आवाज चिरका निघाला, म्हणून पुन्हा म्हणाला, "एकतीस. मी पंचवीसचा. मीच मागं लागलो, त्या नाही लागल्या."

"लेका, थे चारचौघात बोलाची गोष्ट होती काय?" काका.

"चारचौघातच तं तेवीस सांगतले तुमी."

"अन् बायकोले 'त्या' म्हणून राहिला हा!" मागून कोणीतरी ओरडले.

"सवय झाली ना भाऊ. मॅडम हायेत."

आता सगळाच मांडव हसत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आले. त्याची नोंद मी 'समोरच्या उदबत्तीचा धूर' या सदराखाली केली. त्याच्या आईने दोन्ही घराण्यांच्या अब्रूचा हिशोब मनात लावून पाहिला असावा, कारण त्या अखेरीस वैतागून म्हणाल्या, "लावा हो कुंकू आता. वाळून राहिलं थे."

मी चप्पल सोडली आणि पाय वर घेतले.

मुहूर्त एप्रिलचा निघाला. लग्नानंतर नोंदणीसाठी गेलो, तेव्हा काका साक्षीदार म्हणून सोबत आले. माझा वाढदिवस जानेवारीत येतो, त्याचा ऑक्टोबरात. साहजिकच तो अजून पंचवीसवरच होता.

"नोव्हेंबरात तं सहाचाच फरक होता ना?" काकांनी आमचे जन्माचे दाखले पाहून बोटांवर मोजले. "सातचा काहून दिसून राहिला?"

मी त्यांना जन्ममहिन्यांचे गणित समजावून सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि पुतण्याला बाजूला नेले.

"काही कर बा, हिचं वय लईच जोरानं वाढून राहिलं."

"वाढू द्या, काका," तो म्हणाला आणि पेन माझ्या हातात दिला. वधूचे वय मी स्वतःच लिहिले, अंकात आणि ठळक: ३२.