मास्तरांची पाठ

मास्तरांच्या कात्रीपुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. कपड्यांच्या कारखान्यात पंचवीस वर्षं कटिंग केलेला माणूस. खडूने आखणी केली की ती काळ्या दगडावरची रेघ. दोन वर्षांपूर्वी पाठीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दुखण्यावर दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या.

त्या दहा दिवसांना जे शेपूट फुटलं, ते वाढतच गेलं. डॉक्टर मान खाली घालूनच विचारायचे, दुखतंय का? मास्तर म्हणायचे, दुखतंय. की पुन्हा तीच गोळी, कधी जरा जास्त ताकदीची. पाठीला हात लावून बघायची तसदी त्यांनी एकदाही घेतली नाही. अशा माणसाच्या हाती पेन तरी कुणी द्यावं?

मास्तरांच्या बायकोला कळलं तेव्हा पाणी डोक्यावरून गेलं होतं. गोळीच्या गुंगीत मास्तर बाहीचा साचा पालटायला विसरले आणि शंभर शर्टांच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच कापून बसले. नवशिक्याही असं करत नाही. मालक ओरडले नाहीत. त्यांनी मास्तरांना बटणं लावायला बसवलं, ते जास्त लागलं.

ती तडक दवाखान्यात गेली. यांना सवय लागलीय, हळूहळू सोडवा, म्हणाली. आपल्याला शिकवतेय म्हणून डॉक्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी गोळी एकदम बंदच करून टाकली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मास्तरांचे तीन दिवस फार वाईट गेले. घाम, जुलाब, पायांत गोळे. चौथ्या दिवशी त्यांनी तिचा हात धरला. "अगं, एकच आण. पुन्हा नाही मागणार."

या माणसाने आजवर पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उठून घेतला होता. तिला रडू आलं, आणि त्या गोळीचा रागही.

तासाभराने ती पलीकडच्या गल्लीतल्या नव्या डॉक्टरांसमोर कमरेवर हात ठेवून, वाकून बसली होती. कधीपासून दुखतंय, त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्या नावावर तीच गोळी लिहिली. कागद हातात घेऊनही ती उठली नाही.

"जरा जास्त दिवसांच्या लिहाल का?"