मांडीवरचं मशीन

मी सगळ्यात जास्त ऋणी असेन तर टायपिंगच्या बाईंचा. त्यांचं नाव सुलोचना टेकाळे. पण जाफराबादमध्ये या नावाने विचारलं असतं तर घर सापडायला वेळ लागला असता. ‘टायपिंगच्या बाई’ म्हटलं की पानटपरीवालाही मान न वळवता हात करायचा. बाई कानाने वाचायच्या. दहा मशीनं एकदम खडखडत असताना त्या आमच्याकडे पाठ करून दाराशी मेथी निवडत बसलेल्या असत आणि मधेच म्हणत, “तीन नंबर, खाली बघून राह्यलास.” तीन नंबरवर मी असायचो आणि खरोखरच खाली बघत असायचो. तुम्हाला कळतं कसं, असं एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “बघून मारलेल्या बोटाचा आवाज उशिरा येतो.”

या बघण्यावर त्यांनी एक उपाय काढला होता. बुटांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून, त्याला काळा कागद चिकटवून त्यांनी प्रत्येक मशीनसाठी एक झाकण केलं होतं. ते अक्षरांवर ठेवायचं, त्याखालून दोन्ही हात घालायचे आणि नजर पुस्तकातल्या उताऱ्यावर ठेवायची. पहिले पंधरा दिवस पोरं रडकुंडीला येत. मग एक दिवस बोटं आपोआप जागेवर पडू लागत. पान पूर्ण झालं की बाई लाल पेन्सिल घेऊन चुकांभोवती गोल करत. रागावत नसत. फक्त गोल. सातपेक्षा जास्त गोल झाले तर तोच उतारा पुन्हा. माझ्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं, आणि माझ्या कामाकडे इतक्या बारकाईने बघणारं माणूस मला त्याआधी भेटलेलं नव्हतं. त्या लाल गोलांची मला लाज वाटायची नाही. कोणीतरी आपलं सगळं पान वाचलं, असं वाटायचं.

टायपिंगची सरकारी परीक्षा जालन्याला असायची आणि मशीन ज्याचं त्याने न्यायचं असायचं. परीक्षेच्या दिवशी सकाळच्या एस.टी.त आम्ही आठ-दहा पोरं-पोरी चढायचो, प्रत्येकाजवळ गोधडीत बांधलेलं एक मशीन. कंडक्टर म्हणायचा, टपावर टाका. बाई एस.टी.च्या दारात उभ्या राहून सांगत, “टपावर बिलकुल न्हाई. मांडीवर घ्यायचं. लेकरू समजायचं.” वाटेतलं राजूर येईपर्यंत मांड्या बधिर व्हायच्या.

माझ्या पहिल्या परीक्षेच्या आठवडाभर आधी बाईंनी एक नवंकोरं मशीन आणलं. हिरवट रंगाचं, बटणं लोण्यासारखी. मी सहा महिने तीन नंबरवर बसलो होतो; त्याची ‘र’ची काडी अडकायची आणि ती कधी अडकणार हे माझ्या बोटाला आधीच कळायचं. तरी मी हट्ट धरला की परीक्षेला नवंच नेणार. बाई एवढंच म्हणाल्या, “ने.” परीक्षेत त्या लोण्यासारख्या बटणांवर माझी बोटं घसरली. एका दाबात दोन-दोन अक्षरं उठली. मी नापास झालो. निकाल घेऊन गेलो तेव्हा बाईंनी चहा दिला. “मशीन चांगलंच हाये,” त्या म्हणाल्या, “तुझी त्याची ओळख न्हवती.” पुढच्या खेपेला मी तीन नंबर मांडीवर घेऊन गेलो आणि पास झालो. त्या प्रमाणपत्रावर मला एका संस्थेत कारकुनाची नोकरी लागली. नोकरी करत मी बी.ए. झालो, मग एम.ए., आणि पुढे त्याच संस्थेच्या कॉलेजात भूगोल शिकवू लागलो, तासिका तत्त्वावर. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्याची सुरुवात त्या अडकणाऱ्या ‘र’पासून झाली.

बाईंचे यजमान, म्हणजे आमचे अण्णा, गुरांच्या दवाखान्यात कामाला होते. स्वभावाने लाख माणूस, पण त्यांना वाट बघायची आवड. काळा-पांढरा टीव्ही घ्यायचा तर रंगीत येतोय म्हणून थांबले. रंगीत आला तर रिमोटवाला येतोय म्हणून थांबले. बाईंनी टायपिंगचा वर्ग काढायचं ठरवलं तेव्हाही अण्णा म्हणाले होते की आता विजेवर चालणारी मशीनं येणार, दोन वर्षं थांब. बाईंनी कोर्टातल्या निवृत्त टंकलेखकाकडून तीन जुनी मशीनं उचलून आणली. “यांनी लग्नाला तेवढी वाट पाह्यली न्हाई,” बाई आमच्यासमोर सांगत, “बाकी सगळ्याची पाह्यली.” अण्णा हसत आणि आत चहा टाकायला जात.

पुढे पंधराएक वर्षांनी हा वाट बघण्याचा रोग मला जडला. मी पीएच.डी.साठी आमच्या भागातल्या विहिरींच्या पाणीपातळीचा विषय घेतला होता. बेचाळीस गावांत दोर सोडून विहिरी मोजल्या होत्या. सगळं वह्यांत होतं. ते संगणकावर टाईप व्हायचं होतं; टायपिंग मशीनवरचा प्रबंध विद्यापीठ आता घेत नव्हतं. नोंदणीला एकदा मुदतवाढ मिळाली होती, दुसरी मिळणार नव्हती. जूनअखेर प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, आणि पीएच.डी. नाही तर कायम नोकरीही नाही. बाहेर टाईप करून घेऊन पाहिलं. पण मार्गदर्शक एक आकडा बदलायचे आणि मला एका आकड्यासाठी जालन्याला जावं लागायचं. कॉलेजात संगणक होता, पण कॉलेज उघडं असताना लाईट नसायची आणि लाईट यायची तेव्हा कॉलेजला कुलूप असायचं. बॅटरीवर चालणारा लॅपटॉप हाच मार्ग होता. पैशांची सोय मी करून ठेवली होती. अडचण पैशांची नव्हती.

अडचण वाघ सरांची होती. हे आमच्या कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे सर, संगणकाची मासिकं वाचणारे. दिवाळीआधी त्यांना विचारलं तर म्हणाले, “थांबा. एकाच चिपमध्ये दोन प्रोसेसर येऊन राह्यलेत.” दिवाळीनंतर ते आले. मी निघालो, तर म्हणाले, “आता घेऊ नका, ही पहिली खेप आहे. उन्हाळ्यात सुधारलेला येतो. आज घ्याल ते चार महिन्यांत जुनं.” वाघ सरांचं एकही वाक्य खोटं नव्हतं, हीच खरी अडचण होती. दर वेळी ते सांगत ते यायचं, आणि आलं की त्याच्यामागे आणखी एक उभं असायचं. वह्या तशाच पडून होत्या.

फेब्रुवारीत मी बाईंकडे गेलो. वर्गात तेव्हा चारच मशीनं उरली होती आणि दोनच मुली शिकायला होत्या. मी सगळं सांगितलं. बाईंना प्रोसेसर म्हणजे काय ते सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर केला.

“पानं किती?”

“दोनशे साठ.”

“द्यायची कव्हा?”

“जूनअखेर.”

“आन् त्या नव्या मशीनची तारीख कोणी लिहून दिली?”

“लिहून कोण देईल, बाई?”

“तुझी दिली का न्हाई विद्यापीठानं लिहून? मंग आधी पान बघ, मंग मशीन.”

आतून अण्णांचा आवाज आला, “अगं पण नवीन येतच असंल तर दोन महिने...”

“तुम्ही चहा टाका,” बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, “घे म्हणून मी म्हणत न्हाई. आज दुकानात जे हाये त्याच्यावर तुझं पान होतं का बघायचं. होत नसंल तर बराबर, थांब. होत असंल तर कामून थांबायचं?”

दोन दिवसांनी आम्ही जालन्याच्या दुकानात गेलो. बाईंनी पिशवीत वर्गातलं गजराचं घड्याळ, उताऱ्यांचं पुस्तक आणि माझी एक वही घेतली होती. दुकानातला तरुण मुलगा उत्साहाने सांगू लागला, “मॅडम, याचा प्रोसेसर...”

“ते ह्या सरांच्या मित्राला सांगा, भाऊ. मला यात मराठी दाखवा. आपल्या टायपिंगच्याच जागेवर हायेत का अक्षरं?”

त्याने शोधून मराठीचा कळफलक लावला. बाईंनी हातरुमाल काढून अक्षरांवर पसरला, त्याखाली हात घातले, नजर पुस्तकावर ठेवली आणि सुरू झाल्या. मुलगा म्हणाला, “मॅडम, हळू. तुटंल.” बाईंचं लक्ष नव्हतं. पहिली ओळ संपली तसा सवयीने त्यांचा डावा हात ओळ सरकवायला वर गेला आणि पडद्याच्या कडेवर फाटकन बसला. मुलाने धावत येऊन पडदा धरला.

“मॅडम, ओळ आपोआप खाली जाते.”

“आन् ओळ संपल्याची घंटी?”

“घंटी नाही यात.”

“घंटी न्हाई,” बाई मला म्हणाल्या, जणू हे माझ्या वहीत लिहून ठेवायला हवं होतं. पण पान बघून त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी रुमाल काढला आणि मुलाला म्हणाल्या, “आता वायर काढा. लाईट गेली समजा. किती वेळ चालतं?”

“कंपनी तीन तास म्हणते.”

“कंपनीच्या गावात लाईट जात नसंल. आम्ही बसतो.”

आणि आम्ही खरोखर बसलो. बाईंनी काउंटरवर घड्याळ ठेवलं आणि मला खुर्चीवर बसवलं. मी वहीतले विहिरींचे तक्ते एकामागून एक टाईप करू लागलो. गिऱ्हाइकं येत होती, बघत होती. मालकाने दोनदा चहा मागवला. दुसऱ्या चहाबरोबर बिस्किटंही आली. माझी बोटं आधी चाचपडली, मग रुळली. सातवं पान संपत आलं आणि पडदा एकदम काळा झाला.

“एक तास पन्नास मिनिटं,” बाई म्हणाल्या. “लाव आता वायर. पानं बघू.”

वायर लावली. मशीन चालू झालं. पानं नव्हती.

“सर, सेव्ह केलं नव्हतं?” मुलाने विचारलं.

मी बाईंकडे बघितलं, बाईंनी माझ्याकडे. आम्ही दोघंही आयुष्यभर अशा मशीनवर बसलेलो, जिथे अक्षर उठलं की ते कागदावर असतंच. ते वेगळं जपून ठेवावं लागतं हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. सात पानं, सगळे आकडे, गेले. “बाई, वाघ सर म्हणत होते तेच बरं होतं,” मी म्हणालो. “थोडं थांबूच या.”

बाई मोठ्याने हसल्या. “अरे रामेश्वर, इथं गेली सात पानं. जूनमधी गेली असती तर? त्या हिरव्या मशीनला तू आठ दिवस दिलेस आन् नापास झालास. ओळखीला चार महिने लागतात. तुझ्याकडं बराबर चार हायेत.” मग त्या मुलाकडे वळल्या. “भाऊ, हे जपून कसं ठेवायचं ते याला दहा वेळा करून दाखवा. मंग बांधा.”

परतीच्या एस.टी.त कंडक्टर म्हणाला, खोकं वर ठेवा. मी काही बोलायच्या आत बाईंनी ते उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

त्या मे महिन्यात बाईंचा वर्ग बंद झाला. शेवटच्या दोन मुलींची परीक्षा होईपर्यंत त्यांनी तो चालवला. अण्णा निवृत्त झाले होते. दोघं नाशिकला मुलीकडे राहायला निघाली. मशीनं भंगारात गेली. तीन नंबर मी मागणार होतो, पण त्याआधी बाईंनीच माझ्या हातात एक काळं पुठ्ठ्याचं झाकण ठेवलं. “मशीन काय करतोस? हे घे.” गाडीत बसताना अण्णा म्हणाले, जरा थांबलो असतो तर संध्याकाळची गाडी रिकामी मिळाली असती. बाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, “चला.”

त्यानंतर महिन्याभरात मी त्यांना जे पत्र पाठवलं, ते असं:

ती. बाईंस,

सा. नमस्कार. आज विद्यापीठात प्रबंध दिला. मुदतीला अकरा दिवस बाकी होते. खिडकीवरच्या कारकुनाने शिक्का मारला, पोचपावती दिली आणि म्हणाला, बाकीचे शेवटच्या दिवशी येतात. मी म्हणालो, आमच्या बाई वेगळ्या होत्या.

एकूण दोनशे एकाहत्तर पानं झाली. दर अर्ध्या पानाला जपून ठेवत गेलो. दुकानात गेली ती सातच, नंतर एकही ओळ गेली नाही. बॅटरी आता दीड तासावर आली आहे. वाघ सरांनी सांगितलेला प्रोसेसर मागच्या महिन्यात खरंच आला. चांगला आहे म्हणतात. सर अजून थांबले आहेत. अण्णांना सांगा, त्यांना जोडीदार मिळाला.

तुमचं झाकण या मशीनवर बसत नाही, मशीन फारच बुटकं आहे. म्हणून दोन्ही बाजूंना प्रबंधाची एकेक प्रत ठेवली आणि त्यावर झाकण टेकवलं. हे सगळं पत्र मी त्याखाली हात घालून, खाली न बघता टाईप केलं आहे. छापून वाचलं तेव्हा एक चूक सापडली. दुरुस्त करता आली असती. या मशीनवर ते एका बोटाचं काम आहे. केली नाही. कुठे आहे तेही सांगत नाही. नाशिकला लाल पेन्सिल नेली असेलच.

तुमचा,
तीन नंबर