दोन फोनांची रुजवात

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी माणूस अख्ख्या भिवंडीत दुसरा नसेल, आणि भिवंडीत संशय घ्यायला भरपूर वाव आहे हे लक्षात घेऊनच मी हे म्हणतो आहे. दूधवाल्यावर संशय सगळेच घेतात. मामा दुधावर घेतात, मापावर घेतात आणि दूधवाला वेळेवर आला तर त्याच्यावर जरा जास्तच घेतात. औषधाच्या दुकानात ते डॉक्टरांची चिठ्ठी मोठ्यानं वाचतात आणि गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव दुकानदाराकडून तितक्याच मोठ्यानं वाचून घेतात, त्यामुळे आळीतल्या लहानथोरांना मामांचा रक्तदाब पाठ आहे. घरात दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी टांगलेली, दोन वेगळ्या छापखान्यांची, कारण एकच ठेवलं तर ते चुकलंय हे कळणार कसं? एकदा ओळखीतल्या एका लग्नपत्रिकेत तारीख आणि वार जुळत नव्हते. मामांनी दोन्हींखाली लाल रेघ ओढली, 'दुरुस्तीसाठी परत' असा शेरा मारला आणि पत्रिका वधूपित्याकडे पोचती केली. त्या लग्नात मामांच्या पानापर्यंत जिलबी काही आली नाही.

माझ्यावरही हा प्रयोग झालेला आहे. लग्न ठरवायला आम्ही गेलो तेव्हा चहा झाल्यावर मामांनी खिशातून शिंप्याची टेप काढली आणि मला म्हणाले, "जरा भिंतीला टेकून उभे राहता का? चपला काढून." माझ्या माहितीपत्रात उंची पाच फूट आठ लिहिली होती. मी पाच फूट साडेसात भरलो. मामांनी लग्नाला हरकत घेतली नाही, पण बावीस वर्षांत तो अर्धा इंच निघाला नाही असा एकही सण गेलेला नाही.

यात दोष निम्माच स्वभावाचा. उरलेला नोकरीचा आहे. जमिनीच्या जुन्या कागदांच्या नकला जिथं मिळतात अशा एका कचेरीत मामांनी तीस वर्षं काढली. नक्कल तयार झाली की ती मूळ कागदाशी ताडून पाहायची, याला रुजवात म्हणतात, आणि रुजवात एकट्यानं होत नाही. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, समोरच्यानं नकलेवर पेन्सिल फिरवायची, आणि ओळ जुळली की समोरच्यानं म्हणायचं, "रुजू." मग पुढची ओळ. मामा वाचत आणि कोन गावचे जाधव पेन्सिल धरत. तीस वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून एकानं वाचलं आणि दुसऱ्यानं "रुजू" म्हटलं. डोळे मिटून विश्वास ठेवावा असा जगात एकच माणूस मामांना भेटला, तो म्हणजे जाधव, कारण जाधव मामांवरसुद्धा विश्वास ठेवत नसत.

दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले. तेव्हापासून जाधव रोज सकाळी मामांना फोनवर बोलून निरोप पाठवत. गावात कुणाची म्हैस व्याली, कुठल्या शेतात नवं गोडाऊन उभं राहिलं, पेपरात कुठला आकडा चुकीचा छापला. मग तीन वर्षांपूर्वी जाधवांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. माणूस ठणठणीत आहे, शेतावर जातो, दोन भाकऱ्या खातो, फक्त बोलत नाही. त्यांचा आवाज आता एकाच ठिकाणी उरला आहे, मामांच्या जुन्या फोनमध्ये. दोनशे अकरा निरोप. आणि गेल्या दिवाळीपासून त्या फोनची पाठ फुगायला लागली.

"ह्यांच्या फोनला दिवस गेलेत," मामींनी मला हसत सांगितलं. मी मात्र घाबरलो. फुगलेली बॅटरी म्हणजे काय, हे मी जवळच्या पूर्णा गावातल्या गोडाऊनमध्ये कामाला असल्यामुळे जाणतो. असला माल आला की आम्ही तो बाहेर उघड्यावर नेऊन ठेवतो. फोन बदला, असं मी मामांना हात जोडून सांगितलं. बदलायला फोनही घरात तयार होता. त्यांच्या नाशिकच्या लेकीनं दिवाळीतच नवा पाठवला होता, पण तो दुसऱ्या जातकुळीचा. मामांचा जुना हिरव्या बाहुलीच्या छापाचा, म्हणून बाहुलीवाला; लेकीचा चावलेल्या फळाच्या छापाचा, म्हणून फळवाला. मामा दोघांचं नाव तोंडानं घेत नाहीत, कारण नाव घेतलं की फोन कान टवकारतो असा त्यांचा पक्का समज आहे. मीही इथं घेत नाही. मामा हे वाचणार आहेत.

होळी आली तरी फळवाल्याची पेटी उघडली गेली नव्हती. मी विषय काढला की मामा ओठांवर बोट ठेवत, जुना फोन उचलून स्टीलच्या डब्यात घालत, डब्याचं झाकण लावत, त्यावर खलबत्ता ठेवत आणि मग म्हणत, "हं, बोला." त्या डब्यात एरवी पोहे असतात. फोन खरोखर ऐकतो की नाही याची त्यांनी रीतसर चौकशीही केली होती. तीन दिवस ते फोनसमोर बसून खणखणीत आवाजात म्हणत होते, "म्हैस घ्यावी म्हणतो. दुभती." चौथ्या दिवशी फोनवर पशुखाद्याची जाहिरात आली. मामांनी मला पूर्ण्याहून कामातून बोलावून घेतलं आणि विजयी मुद्रेनं ती दाखवली. पुढे मामींनी मला बाजूला घेऊन कबूल केलं, की हे खरंच म्हैस आणतात की काय या धास्तीनं, ते आंघोळीला गेले असताना त्यांनीच त्या फोनला 'म्हैस किती खाते' असं विचारलं होतं. मी हे मामांना सांगितलेलं नाही. आता कळेल.

तर निर्णय करायचा होता: बाहुलीवालाच पुन्हा नवा घ्यायचा, की लेकीच्या शब्दाखातर फळवाल्याकडे जायचं. मामांनी फुलस्केप कागदावर मध्ये रेघ मारून दोन रकाने केले. लोक कॅमेरा बघतात, मामांच्या तक्त्यात कॅमेऱ्याला जागाच नव्हती. पहिला मुद्दा होता, 'आपल्याविषयी काय जाणतो'. बाहुलीवाल्यापुढे लिहिलं होतं, 'फार विचारतो.' फळवाल्यापुढे, 'काहीच विचारत नाही', आणि कंसात, 'अधिक संशयास्पद'. दुसरा मुद्दा, 'गेल्यावर परत फिरता येईल काय'. दोन्हीकडे प्रश्नचिन्ह. शेवटचा मुद्दा एका शब्दाचा होता, 'जाधव'. तिथं दोन्ही रकाने कोरे होते. ते कोरे रकाने पाहिले तेव्हा मामांची इतक्या महिन्यांची टोलवाटोलवी मला उमगली, आणि मी त्यांची मनातल्या मनात जेवढी टिंगल केली होती तिची लाजही वाटली.

ते रकाने भरायला आम्ही दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानात काचेमागचा माणूस उत्साहात म्हणाला, "चाचा, सेम कंपनी का लो, सब आ जाएगा. हंड्रेड परसेंट. आँख बंद करके ले लो."

"आँख बंद करके तीस साल में एक सही नहीं मारी मैंने," मामा म्हणाले आणि पायऱ्या उतरले. दुसऱ्या दुकानात तसंच. तिसऱ्यात दुकानदारानं मामांचा प्रश्न ऐकण्याआधीच मान हलवली, म्हणून तो बाद. मंडईजवळच्या एका बोळात चष्मा लावलेला एक मध्यमवयीन दुरुस्तीवाला बसतो, त्याच्याकडे शेवटी गेलो. त्यानं जुना फोन हातात घेऊन पाठीवरून अंगठा फिरवला, निरोप उघडून पाहिले, लेकीचा फळवाला पाहिला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"इसमें से उसमें जाता है," तो म्हणाला. "लेकिन कभी-कभी कुछ छूट जाता है. शायद सब आएगा. पुराना मिटाएंगे नहीं. पहले आप मिला के देखो, फिर बोलो."

मामांनी मला बाहेर बोळात नेलं. मला वाटलं, आता पाचवं दुकान. मामा म्हणाले, "याच्याकडेच करायचं. आणि फळवाल्यावरच."

"अहो, पण तो शायद म्हणाला."

"म्हणूनच. शंभर टक्के बरोबर आहे म्हणणाऱ्या कारकुनाची नक्कल आम्ही दोनदा तपासायचो. शायद म्हणणाऱ्याची एकदा पुरायची."

दोन फोनांना वायर जोडून काम सुरू झालं. दोन तास लागले. मामा स्टुलावर बसून दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीनं बघत होते, मला चहासुद्धा आणायला जाऊ देईनात, न जाणो दोघांपैकी एकानं काही केलं तर साक्षीदार हवा. काम झालं असं दुरुस्तीवाल्यानं सांगितलं तेव्हा मामांनी नव्या फोनला हातही लावला नाही. "झालं नाही," ते म्हणाले. "आता रुजवात. कोनला जायचं."

कोनला जायला आम्ही दोन रिक्षा केल्या. अस्सल आणि नक्कल एका गाडीतून न्यायची नाही, असा त्यांच्या कचेरीचा नियम होता म्हणे. गाडीला काही झालं तर दोन्ही जातात. पुढच्या रिक्षात मामा, मांडीवर पोह्यांचा डबा, डब्यात फुगलेला फोन. मागच्या रिक्षात मी, नवा फोन घेऊन. कल्याण रस्त्यावर कंटेनरांची रांग लागली होती आणि त्या गर्दीत मामा दर मिनिटाला मान बाहेर काढून मी येतोय ना ते बघत होते. माझा रिक्षावाला शेवटी न राहवून म्हणाला, "साब, वो चाचा आपको कायको घूर रहे? कुछ लफडा है क्या?" मी म्हटलं, "मामा आहेत माझे. बायकोकडून." त्यानं समजुतीनं मान हलवली.

जाधव ओट्यावर वाट बघत बसले होते. काय करायचं ते मामांनी आधी कळवलं असावं, कारण जाधवांनी चटई टाकली होती, मध्ये पाट ठेवला होता आणि कानामागे टोक काढलेली पेन्सिल होती. दोघं समोरासमोर बसले. मामांकडे जुना फोन, जाधवांकडे नवा. मला एक ते दोनशे अकरा आकडे घातलेला कागद धरायला दिला होता. मामांनी जुन्यावरचा पहिला निरोप लावला. जाधवांचा तो आवाज, जरासा बसका, गावाकडचा: "साहेब, आज पेपर बघितला का? तिसऱ्या पानावर बेरीज चुकलीय. फोन करून सांगा त्यांना." मग जाधवांनी नव्यावरचा पहिला निरोप लावला. तेच शब्द, तोच आवाज. मामांनी वर पाहिलं. इथं जाधवांनी 'रुजू' म्हणायचं. जाधवांनी पेन्सिलीनं पाटावर एकदा टक् केलं. मामांनी मला मान हलवून खूण करायला सांगितलं. पुढचा निरोप.

दुपारचे चार वाजेपर्यंत हे चाललं. निरोप, तोच निरोप, टक्. मधे जाधवांच्या सुनेनं ताक आणून दिलं तेवढाच खंड. आपलाच आवाज दोनदा दोनदा ऐकताना जाधवांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. सुरुवातीला ते लाजले. एके ठिकाणी त्यांनीच पूर्वी केलेल्या कुठल्याशा विनोदाला ते खांदे हलवून हसले, आवाज न करता. एकशे चौऱ्याऐंशीव्या निरोपाला नव्या फोनवर काहीच वाजेना. मामांचा चेहरा पांढरा पडला. जाधवांनी शांतपणे फोन उलटा केला, बोटानं आवाजाचं बटण वर केलं आणि पुन्हा लावला. वाजला. टक्.

शेवटचा निरोप ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचा होता. तो मामांनी लगेच लावला नाही. धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला, मग लावला. "साहेब, उद्या नेतात मला. आवाजाची खात्री न्हाय म्हनतो डॉक्टर. काय हरकत न्हाय. तुमी वाचत ऱ्हावा, मी समोर हाय." जुना फोन थांबला. जाधवांनी नव्यावर तो लावला. तेच शब्द, एकही कमी नाही, शेवटी मागं कोंबडं आरवलं होतं तेसुद्धा आलं होतं. आता टक् होणार म्हणून मी कागदावर पेन टेकवलं. पण जाधवांची पेन्सिल हातात तशीच राहिली. ते समोरच्या फोनकडे बघत बसले होते.

मामा तीस वर्षं फक्त वाचणारे होते. तो दुसरा शब्द कचेरीत त्यांनी कधी उच्चारला नव्हता, तो समोरच्याचा होता. त्यांनी जुना फोन पाटावर ठेवला आणि जाधवांकडे बघत हळूच म्हणाले, "रुजू."

मग पेन्सिल वाजली. मी खूण केली. माझे डोळे भरून आले होते आणि ती खूण रकान्याबाहेर गेली, हे मामांच्या नजरेतून सुटलं नाही.

आता मामा फळवाला वापरतात. संशय तसूभरही कमी झालेला नाही. नवा फोनही पोह्यांच्या डब्यात जातो, आणि फुगलेली बॅटरी काढून घेतलेला जुना फोन कपाटात, वर 'अस्सल' अशी चिठ्ठी लावून ठेवलेला आहे. रोज सकाळी मामा पेपरातला एखादा तुकडा मोठ्यानं वाचून जाधवांना पाठवतात आणि कोनहून एका शब्दाचं उत्तर येतं, टाइप केलेलं.

परवा मामांचा मला फोन आला. "जावईबापू, हल्ली तुम्ही निरोप टाइप करून पाठवता. बोलून पाठवत चला." मी विचारलं, "का, वाचायला त्रास होतो का?"  ते म्हणाले, "नाही. असंच." तेव्हापासून मी रोज पूर्ण्याला पोचलो की गेटाशी थांबून दोन वाक्यं बोलून पाठवतो, आणि मग आत जातो.